लॉगबुकातला खान्देश : आप्पांच्या वाटांवर चार दिवस

आप्पांची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, चार. पहिली तीन हवाई दलातली, चौथं निवृत्तीनंतरचं, धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर मुलांना शिकवतानाचं. या चौथ्यात ओळीमागून ओळ तीच गावं येतात : धुळे–शिरपूर–धुळे, धुळे–प्रकाशा–धुळे, धुळे–जळगाव–धुळे. शेऱ्याच्या रकान्यात फार तर दोन शब्द. शिकवताना त्यांचा एक दंडक होता. जी खूण हवेतून ओळखायची, ती विद्यार्थ्याने आधी जमिनीवरून बघून यायची. मोटारसायकलने जा, एसटीने जा, पण जा. वर्षश्राद्ध झालं आणि त्यांची मुलगी, पुतण्या आणि दोन विद्यार्थी असे चौघं वहीतल्या या तीन वाटांवर गाडीने निघाले. पुढे कुणाला याच वाटेने जायचं असेल, तर त्या चार दिवसांची ही नोंद कामाची ठरेल.

जायचं तर डिसेंबरात. मे महिन्यात खान्देशात दुपारी पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि पावसाळ्यात सातपुडा ढगात असतो. हिवाळ्यात एकच अडचण, सकाळचं धुरकं; त्याविषयी पुढे येईलच. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्यावेत : ४६के, ४६एल, ४६ओ आणि ४६पी. धुळे–जळगाव ही वाट जवळजवळ २१ अंश अक्षांशाला चिकटून जाते आणि नेमक्या त्याच रेषेवर दोन नकाशांच्या कडा येतात. एकच नकाशा घेतला तर उत्तरेकडच्या सगळ्या खुणा हातातून सुटतात. म्हणून आप्पा कडा कापून नकाशे मागून कापडी पट्टीने जोडायला लावत. या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. ९० नॉट, म्हणजे ताशी ९० सागरी मैल, वेगाने विमान मिनिटाला पावणेतीन किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे नकाशावर एक सेंटिमीटरहून जरासं जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की मोजपट्टीशिवायही बोटाने अंदाज घेता येतो.

पहिला दिवस : लळिंग आणि गोंदूर

लळिंगचा किल्ला धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई–आग्रा महामार्गालगत. सूर्योदयाच्या आधी पायथ्याशी पोचावं. चढ फार नाही, पण घसाऱ्याचा आहे, म्हणून बूट चांगल्या पकडीचे हवेत. पाणी वर मिळेल असं धरून चालू नये. फारुकींच्या काळातला हा किल्ला. आप्पा मुलांना इथे पाठवत ते मात्र हवा बघायला.

थंडीच्या पहाटे जमीन गार पडते आणि तिच्यावरचा हवेचा थरही गार होतो. त्याच्यावर तुलनेने ऊबदार हवा झाकणासारखी बसते. चुलींचा, शेकोट्यांचा, वाहनांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. गडावरून पाहिलं तर धुळ्यावर राखाडी चादर दिसते आणि तिची वरची कड पट्टीने आखावी इतकी सरळ असते. चादरीच्या वर उभं राहणाऱ्याला वाटतं, आज हवा किती स्वच्छ आहे! वैमानिकाचंही असंच फसतं. वरून सरळ खाली पाहताना धावपट्टी दिसते, कारण नजर धुरक्याचा पातळ थर उभा छेदते. उतरण्यासाठी खाली येऊन समोर पाहिलं की तीच नजर त्याच थरातून आडवी जाते आणि धावपट्टी गायब होते. उन्हं वर आली की हा थर आपोआप विरतो. आप्पा थांबत. नऊ वाजू देत, चहा मागवत, आणि घाई करणाऱ्या पोराला गडावरून काय दिसलं ते परत सांगायला लावत.

गडावरून आणखी एक गोष्ट नीट पाहावी. जुन्या धुळ्याच्या गल्ल्या नंबरांच्या आणि सरळ रेषेत आखलेल्या आहेत. शेजारून पांझरा वाहते आणि मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे दोन महामार्ग शहरापाशी एकमेकांना छेदतात. नदी, फुली आणि चौकटी गल्ल्या या तिन्ही एकत्र दिसल्या, तरच खालचं गाव धुळे. एका खुणेवर गाव ठरवायचं नाही.

दुपारी गोंदूर. हे विमानतळ शहराच्या वायव्येला आहे. आत जाण्यासाठी आधी लेखी परवानगी आणि ओळखपत्र लागतं. ऐन वेळी फाटकावर जाऊन उपयोग नाही. आसपास ड्रोन उडवू नये. परवानगी नसली तरी कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून विमानं चढता-उतरताना दिसतात.

आप्पा शिकवत ते सेसना १५२ हे दोन आसनी विमान, ११० अश्वशक्तीचं. त्याच्याभोवतीची त्यांची फेरी नेहमी एकाच दिशेने व्हायची आणि कुणी मध्येच हाक मारली तर ते पहिल्यापासून सुरू करत. दोन्ही पंखांच्या टाक्यांतून आणि इंजिनाजवळच्या गाळणीतून थोडं थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढायचं. एव्हगॅस १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं. पाणी जड, ते तळाशी थेंब होऊन बसतं. खान्देशातल्या हिवाळ्यात दिवसा तीस अंश आणि रात्री दहाच्या आसपास, असा फरक पडतो. टाकी अर्धी ठेवली तर आतल्या रिकाम्या जागेतली हवा रात्री गार होऊन दव धरते आणि ते पाणी इंधनात उतरतं. वजनाच्या हिशोबात बसत असेल तर टाक्या संध्याकाळीच भरून ठेवायच्या, त्या याचसाठी. पेल्यातलं सगळंच पाणी असेल तर थेंबाची रेघ दिसत नाही आणि नवखा फसतो; म्हणून रंग बघायचा आणि वासही घ्यायचा.

मग पिटो नळी. पंखाखालची ही बारीक नळी समोरची हवा घेऊन वेग दाखवते. तिच्यावर टोपण घालायचं राहिलं, तर कुंभारीण माशी एका दुपारीत आत मातीचं घर करते. इंजिन, चाकं, सुकाणू सगळं ठाकठीक असतं, पण धावपट्टीवर वेग पकडताना काटा शून्यावरून हलत नाही. तो हलला नाही की तिथेच थांबायचं. हवेत जाऊन बघू, हा विचार मनात येऊ द्यायचा नाही. इंजिन तपासताना मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो (ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद करून पाहतात. फेऱ्या १२५ हून जास्त पडता कामा नयेत आणि दोन्हींतला फरक ५० च्या आत हवा. इंजिनातलं तेल चार क्वार्टच्या (पावणेचार लिटरच्या आसपास) खाली गेलं असेल तर उड्डाण नाही. धावपट्टीकडेच्या खडीत टिटवी अंडी घालते, ती विमान जवळ आल्याशिवाय उठत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी एक नजर तिकडेही.

वजनाचा हिशोब ते पाटीवर मांडत. उड्डाणाच्या वेळी कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान ५२० च्या आसपास, भरलेल्या टाक्यांतलं वापरता येणारं इंधन ६७. उरले १७०. शिक्षक आणि विद्यार्थी दोघं ९०-९० किलोचे असतील, तर टाक्या भरून उडता येत नाही. त्यात उन्हाळा. धुळं समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटर, म्हणजे ८०० फुटांच्या आसपास. त्या उंचीवर प्रमाण तापमान साडेतेरा अंश धरतात. पारा ४३ वर असेल तर फरक साडेएकोणतीस अंशांचा, आणि दर अंशाला १२० फूट वाढवायचे. मूळचे ८०० धरून बेरीज ४,३०० फुटांच्या पुढे जाते; तापलेली विरळ हवा विमानाला तितक्या उंचीवरची वाटते. मेच्या दुपारी इंजिन आणि पंख गोंदूरला नसून जणू एखाद्या डोंगरमाथ्यावर असतात. धावायला जास्त अंतर लागतं, चढण मंदावते. मे महिन्यात आप्पांचं शिकवणं सकाळी नवापर्यंत संपलेलं असायचं. वहीतल्या वेळा पाहिल्या की हे लगेच कळतं.

हीच फेरी घरातही होती. स्वयंपाकघराच्या दाराला आतून पोस्टकार्डाएवढा कागद चिकटवलेला असे : गॅस, मोटार, मागचं दार, माईंच्या (आप्पांच्या पत्नीच्या) गोळ्यांची डबी, किल्ली. गावाला निघताना आप्पा प्रत्येक शब्द मोठ्याने वाचत आणि ज्याचं काम त्याने तितक्याच मोठ्याने "झालं" म्हणायचं. मनात म्हटलेलं चालत नसे. मुलं हसायची. आता मुलीच्या घरी तसाच कागद आहे.

दुसरा दिवस : सोनगीर, नरडाणा, तापी

गोंदूरहून शिरपूर हवेतून २६ सागरी मैलांच्या आसपास, ९० नॉटने १७-१८ मिनिटं. रस्त्याने तासाभराचं काम, पण थांबत जावं.

पहिली खूण सोनगीरचा किल्ला, सहा-सात मिनिटांवर. दुसरी नरडाणा, जिथे महामार्ग सुरत–भुसावळ रेल्वेला छेदतो. ही तापी लाइन जळगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार अशी जाते. आप्पांचा भरवसा रस्त्यापेक्षा रुळावर जास्त. रस्ते रुंद होतात, वळणरस्ते निघतात, दहा वर्षांपूर्वीच्या नकाशातला हमरस्ता आज गावातली गल्ली झालेला असतो. रूळ क्वचितच जागा सोडतात. तिसरी खूण तापी. हिच्याबाबत सावध राहावं. जुन्या नकाशात उन्हाळ्यातली तापी वाळूच्या पात्रातली बारीक धार म्हणून काढलेली आहे. बंधारे झाल्यापासून प्रकाशा-सारंगखेड्याकडे हिवाळ्यातही पाणी काठोकाठ असतं, आणि ही तापी नसून एखादं धरण असावं असं नवख्याला वाटतं.

दिशा हरवण्याचं मूळ कारण ते एका वाक्यात सांगत : "आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन." घड्याळ सांगतं की दहा मिनिटं झाली. नकाशा सांगतो की दहा मिनिटांनी कुठे असायला हवं. मग तिथली खूण जमिनीवर शोधायची. घाबरलेला विद्यार्थी उलटं करतो. खाली एक गाव दिसतं, ते नकाशात शोधतो, आणि तळं, देऊळ, नाला असलेली पाच गावं सापडतात. त्यातलं मनाला हवं ते तो निवडतो. त्या क्षणापासून तो चुकीच्या गावावरून बरोबर हिशोब करत राहतो.

आप्पांचं गाव शिरपूर तालुक्यात. मळ्यात विहीर, विहिरीजवळ चिंच. इथे दुपार काढावी असं ठरलेलंच होतं. ताटात शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. या मळ्याची एक गोष्ट प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला माहीत असायला हवी.

गोंदूरहून आप्पा या गावावरून कितीदा तरी गेले. म्हातारी आई हयात होती तोवर कुणाकडून तरी निरोप पोचे आणि ती चिंचेपाशी उभी राही. विमान यायचं २,००० फुटांवरून, सरळ. पंख एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे हलायचे, पुन्हा सपाट, आणि विमान निघून जायचं. ती पदर हलवायची. खाली उतरून मळ्यावर घिरटी घालावी, असा आग्रह भावकीने पुष्कळ केला. त्यांनी एकदाही घातली नाही. आपल्या घरावर, आपल्या माणसांवर खाली येऊन घिरट्या घालताना जगभर वैमानिक मेले आहेत, आणि त्याचं गणित सोपं आहे. घर नजरेतून सुटू नये म्हणून वळण आवळलं जातं. ६० अंश कलून घेतलेल्या वळणात पंख ज्या वेगाला हवेची पकड सोडतात तो वेग १.४१ पट होतो. सरळ उड्डाणात ज्याला ४८ नॉट पुरे, त्याला इथे ६८ लागतात. डोळे खाली असल्याने वेगाच्या काट्याकडे लक्ष नसतं. वारा पाठीशी असेल तर जमीन भराभर मागे जाते, वेग भरपूर आहे असं वाटतं, आणि हात नकळत नाक वर ओढतो. आतला पंख आधी पडतो. ५०० फुटांवरून सावरायला उंची उरत नाही. आणि हे सगळं घरच्यांच्या डोळ्यांदेखत होतं. आप्पांना घर आणि उड्डाण दोन्ही सारखीच प्रिय होती. म्हणूनच त्यांनी या दोहोंमध्ये २,००० फूट ठेवले.

तिसरा दिवस : सारंगखेडा, प्रकाशा, तोरणमाळ

शिरपूरहून शहाद्याच्या रस्त्याला लागावं. सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांची यात्रा भरते. त्या दिवसांत वाहनांची रांग लागते, म्हणून आठच्या आत गाव ओलांडावं. पुढे प्रकाशा, तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणून ओळखलं जाणारं क्षेत्र. केदारेश्वराचं देऊळ काठावरच आहे. आप्पांच्या अस्थी गेल्या वर्षी इथेच दिल्या. या खेपेला फक्त पाण्याला हात लावून पुढे. हवेतून पाहिलं तर हे वाटेवरचं वळणबिंदू : इथे डावीकडे वळलं की नाक धुळ्याकडे.

शहाद्याहून तोरणमाळ उत्तरेला. घाट वळणांचा, इंधन शहाद्यातच भरावं, उजेड असताना वर पोचावं. पठाराची उंची सुमारे १,१५० मीटर. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथांचं देऊळ. रात्री चांगली थंडी असते, पांघरूण सोबत असू द्यावं.

आप्पा विद्यार्थ्यांना विमानाने इथे आणत नसत. सीताखाईच्या कड्यावर उभं राहून वारा अंगावर घ्यायला पाठवत. हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येचा. तो सातपुड्यावरून दक्षिणेकडे, खान्देशाच्या मैदानात उतरतो. म्हणजे धुळ्याकडून येणाऱ्या विमानाला डोंगराची जी बाजू आधी भेटते, ती वाऱ्याची पडती बाजू. समोर डोंगर, वर चढायची गरज, आणि नेमकी हवा खाली दाबते. लहान इंजिनाचं विमान नाक वर करूनही खालीच येत राहतं. उपाय दोन : उंची दूरवरच, मैदानावर असतानाच घ्यायची, आणि कड्याला सरळ न भिडता ४५ अंशांत तिरकं जायचं, म्हणजे माघार घ्यायला वळण छोटं पुरतं. दरीतून जावंच लागलं तर मधोमध न जाता एका अंगाने, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते.

हे शिक्षण त्यांचं हिमालयातलं. हवाई दलात ते पॅकेट उडवत. दोन पिस्टन इंजिनांचं, दुहेरी शेपटाचं हे मालवाहू विमान. उंचावर त्याची ताकद अपुरी पडे, म्हणून आपल्याकडे त्याच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलं गेलं. लेहची धावपट्टी १०,००० फुटांहून उंच. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट थेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं, १६,००० फुटांहून अधिक उंचीवर. आप्पांच्या पिढीने हे नाव आदराने घेतलं. उंचीवर तिसऱ्या इंजिनाचा आधार किती मोलाचा, हे ज्याने अनुभवलं, त्याला ११० अश्वशक्तीने सातपुड्याशी खेळायचं नाही हे कुणी सांगावं लागत नाही.

तिथून घरी पत्रं येत. पत्ता ५६ ए.पी.ओ., म्हणजे सैन्याचं टपालघर. त्यावर गावाचं नाव नसतं, त्यामुळे आप्पा कुठे आहेत ते माईंना कळत नसे. पत्रं मागेपुढे पोचायची. जूनचं आधी, मेचं नंतर. म्हणून प्रत्येक आंतरदेशीय पत्राच्या कोपऱ्यात आप्पा क्रमांक घालत आणि माईही घालत. ४१ आलं आणि ३९ नाही आलं, तर एक पत्र वाटेत आहे एवढं कळायचं आणि काळजी करायचं कारण उरायचं नाही. माईंनी ती क्रमाने लावून ठेवली आहेत. ती ठेवायची तर एक सूचना : प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नयेत, ओल धरून शाई फुटते. सुती कापडात गुंडाळून, धातूच्या टाचण्या काढून ठेवावीत. लॉगबुकांनाही हेच.

चौथा दिवस : जळगाव, भुसावळ, चांगदेव

लांबचा दिवस, पहाटे निघावं. गोंदूर ते जळगाव विमानतळ हवेतून ५० सागरी मैलांच्या आसपास, वारा नसेल तर ३३ मिनिटं; विमान तासाला २२-२३ लिटर पितं. खाली सुरत–नागपूर महामार्ग, त्यावर पारोळा, एरंडोल, मग बांभोरीपाशी गिरणा. बोरी आणि गिरणा यांत गोंधळ होतो. दोन्ही दक्षिणेकडून येऊन तापीला मिळतात. बोरी पारोळ्याकडची, ती आधी लागते. गिरणा रुंद आणि तिच्या पलीकडे लगेच जळगावची दाट वस्ती. इथेही घड्याळ आधी.

जळगावचं विमानतळ शहराबाहेर कुसुंब्याजवळ. खान्देशाच्या उड्डाणाच्या नोंदीत प्रतिभाताई पाटील यांचं नाव यायलाच हवं : जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताईंनी राष्ट्रपती असताना, २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी पुण्याहून सुखोई-३० मधून भरारी घेतली. त्या दिवसाचं वर्तमानपत्र आप्पांनी कापून वहीत ठेवलं आहे.

जेवण जळगावात भरीत-पुरीचं. हिरवी मोठी बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून. या दिवसांत ते चुकवू नये.

पुढे भुसावळ. दीपनगर वीज केंद्राच्या धुराड्यांतला धूर हा मैलोन्‌मैल दिसणारा वाऱ्याचा बाण आहे. धूर सरळ वर जाऊन एका उंचीला आडवा पसरलेला दिसला, तर लळिंगवरून पाहिलेलं झाकण इथेही आहे असं समजावं. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गडद हिरवे चौकोन दिसतात, ती रावेर-यावलची केळी. दक्षिणेला काळी जमीन आणि कपाशी. होकायंत्रावर शंका आली तर या दोन रंगांवरून उत्तर-दक्षिण ठरवता येते.

भुसावळ स्टेशनात थोडं थांबावं. पंजाब मेल १९१२ पासून धावते आहे आणि आग्र्याहून सुट्टीवर येणारे आप्पा तिनेच येत. सोबत लोखंडी ट्रंक, आत मुलांसाठी पेठा. सुट्टी संपून जाताना ते गाडी सुटायच्या तासभर आधी स्टेशनात हजर असत, कारण निरोप घाईत द्यायचा नसतो असं माई म्हणत.

शेवटचा थांबा चांगदेव, मुक्ताईनगर तालुक्यात, पूर्णा जिथे तापीला मिळते. हेमाडपंती देऊळ पाहून संगमावर उतरावं. खाली हतनूर धरण असल्याने पाणी पसरलेलं असतं, काठावर चिखल. जपून पाय टाकावा. हवेतून इथे दोन नद्यांचे दोन रंग वेगळे दिसतात, असा शेरा चौथ्या वहीत आहे, पावसाळ्यानंतरच्या एका दिवसाचा. डिसेंबरात काठावरून ते दिसत नाहीत.

वही गाडीत सोबत होती. इथे ती उघडून शेवटची ओळ पाहिली : धुळे–जळगाव–धुळे, एक तास पंधरा मिनिटं, विद्यार्थी सोबत. प्रत्येक पानाच्या तळाशी तासांची बेरीज करून ती पुढच्या पानावर नेतात. शेवटच्या पानावर अकरा ओळी कोऱ्या आहेत. बेरीज पान भरल्यावरच करायची असते, म्हणून ती केलेली नाही.